सहाशेच्या वर नाही

मुलाने कंप्युटरवर पावलांच्या तक्त्यातल्या सूत्राच्या शेवटी सहाशेचा आकडा घातला आणि एंटर दाबलं, तेव्हा त्याचा हिशेब साधा होता: आईचा नवा गुडघा धड राहिला, तर आपली उरलेली रजा वाचेल. आईचाही एक हिशेब होता. तो तिने सांगितला नाही.

"रोज कालच्यापेक्षा दहा टक्के जास्त पावलं," त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "पण वाढ सहाशेला थांबणार. पंधराव्या दिवसापासून रोज सहाशेच."

"साडेसातशे कर की."

"डॉक्टरांनी सहाशे सांगितलीत. जाऊन-येऊन."

"भलताच कंजूष आहे तुझा डॉक्टर."

आईच्या धाकट्या बहिणीचं दार तीनशे सत्तर पावलांवर होतं. ऑपरेशनआधी ती एकदा तिथवर मोजत गेली होती आणि बेल न वाजवताच परतली होती. शिवणाच्या मशीनवरून दोघींचं बिनसलं, त्याला दोन वर्षं झाली. "आता तूच ये. मी नाही यायची," असं धाकटी तेव्हा म्हणाली होती. सहाशेचा लगाम नसता, तर अठराव्या दिवशी तिच्या दारापर्यंत जाऊन येणं जमलं असतं. पण औषधांच्या दुकानात जन्मभर डोस मोजून दिलेली बाई. ठरल्या मात्रेपेक्षा एक पाऊल जास्त टाकणं तिला जमणारं नव्हतं.

पंधराव्या दिवशी तीनशेवं पाऊल चावीवाल्याच्या टपरीसमोर पडलं. तिने पुढे एकदा पाहिलं आणि काठी फिरवली. सोळाव्या दिवशी तेच; चावीवाल्याने विचारलं, तेव्हा तिने मुलाच्या कंप्युटरमधल्या सहाशेचं सांगितलं. सतराव्या दिवशी चावीवाल्याने चावी घासता घासता कानस खाली ठेवली.

"काकू, तुमच्या बहीणबाई विचारत होत्या, ही इथूनच का परत फिरते म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, कंप्युटरने पुढे जायची बंदी केलीय."

"बरं केलंस," ती म्हणाली. पण परतताना दोनदा आकडा चुकली.

अठराव्या दिवशी टपरीपाशी प्लास्टिकची खुर्ची होती आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकून धाकटी उभी होती.

"बस, ताई."

ताई बसली. गुडघा हळूच लांब केला.

"एवढ्याशा सत्तर पावलांसाठी अडून बसलीस?"

"तू मोजलीस?"

धाकटीने पदराने कपाळ टिपलं आणि चावीवाल्याकडे पाहत राहिली.

संध्याकाळी मुलाने फोनवर आकडा विचारला, तिने सहाशे सांगितला. त्याने तो खुशीत भरला. तीनशे जाण्याची, तीनशे येण्याची; तिच्या बाजूने चोख. मधली सत्तर धाकटीने भरली होती, तीही खुर्ची उचलून.