चाळीस उत्तम

...निळा ठिपका, मोहरीएवढा. त्याच्याशेजारी दुसरा, मग तिसरा, असे चाळीस, कागदावर कमानीसारखे वाकत गेलेले — कस्तुराबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला, तरी एकही कमी झाला नाही. एकेक ठिपका म्हणजे रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरचा एकेक आराखडा, आणि चाळीसही म्हणे उत्तम. तळवड्याच्या या कारखान्यात तीस वर्षे एकच आराखडा उत्तम असे, आणि तो कोणता हे त्या सांगत.

नातसून योगिनीने तीन दिवस संगणक राबवला, आणि त्या यंत्राने काय केले, तर निवड पुन्हा माणसावरच ढकलली. चौकट हलकी केली की खड्ड्यांत रुग्णाला हादरे अधिक. हादरे कमी केले की उचलणाऱ्यांच्या कमरेवर भार. चार वाजेपर्यंत एक आराखडा चाकणला जायचा होता. त्यावरून पाचशे स्ट्रेचर होणार, मग बदल नाही.

योगिनीने लाल वर्तुळ केलेला ठिपका सर्वांत हलक्या चौकटीचा होता. हा का, असे त्यांनी दरडावून विचारले.

"तुम्हीच फोनवर सांगितलंत, आजी. वजन किती धरू विचारलं, तर आठ म्हणालात. हलकेपणाला दहातले आठ."

"मी किलो सांगितले."

योगिनीने हसू गिळले. तिचे वजन म्हणजे महत्त्व. माझे वजन म्हणजे वजन... आणि या शब्दाच्या घोटाळ्यावर पाचशे रुग्ण हादरणार होते!

"मग आता नीट सांगा. हादऱ्यांना किती देऊ?"

दहा, असे ओठांवर आलेच होते. चाकणचा तो रस्ता, रुग्णवाहिकेत प्रत्येक खड्ड्याला स्ट्रेचरच्या दांडीवर आपटणारी यजमानांची बोटे, आणि आपण चालकावर ओरडत — हे त्यांनी कधी कुणाला सांगितले नव्हते. पण त्याच्याही आधी जिना होता. तीन मजले. ते जड लोखंडी स्ट्रेचर उतरवताना दुसऱ्या वळणावर एक जण कंबर धरून मटकन पायरीवर बसला होता, आणि आपण त्याला म्हणालो होतो, बसता काय, उठा. तो उठला होता. एवढी वर्षे तो कुठे होता? — आठवणीतसुद्धा त्याला आपण बसू दिले नव्हते...

"आजी, किती?"

सहा म्हणावे, तर तो पायरीवरून पाहत होता. चार म्हणावे, तर ती बोटे. योगिनी पेन धरून उभी होती, आदराने, सवयीने. आणि मला, या वयात, प्रथमच वाटत होते की कुणीतरी मला दरडावून सांगावे.