काकड्यांखालची सफरचंदं

मी खालचं चित्र बोलतोय. खालचं म्हणजे भिंतीवर खाली टांगलेलं नव्हे. माझ्या अंगावर दुसरं चित्र रंगवलंय आणि मी त्याच्याखाली दबून आहे. आटगावात वर्षाच्या घरी आलात, तर ओटीवरच्या भिंतीवर तुम्हांला सुपातल्या काकड्या आणि भेंड्या दिसतील. त्यांच्यामागे माझी सफरचंदं आहेत. मला आता दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं.

माझं घराणं मोठं आहे, हे आधीच सांगून टाकतो. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका चित्रकाराने टेबलावर पांढरं कापड पसरलं, सफरचंदं मांडली, शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं आणि बसला रंगवत. ते चित्र जगभर गाजलं. मी त्याची हाताने काढलेली नक्कल. नक्कल म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण छापील पोस्टरवरून बोट फिरवा आणि माझ्यावरून फिरवा, म्हणजे फरक कळेल. अर्थात, आता माझ्यावरून बोट फिरवायची सोय राहिलेली नाही.

शहापूरचा अमोल हॉटेलांना आणि रिसॉर्टना चित्रं पुरवतो. कॅनव्हास, रंग आणि मूळ चित्राचा छापील कागद तो वर्षाकडे आणून टाकायचा आणि तयार चित्रं घेऊन जायचा. वर्षाने शाळेत चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या. घरबसल्या मिळणारं हे एकच काम, म्हणून ती ते जपायची. भाकरी थापावी तशी तिची सफरचंदं गोल व्हायची. हात चालू आणि तोंडाने सासूशी गप्पाही चालू.

सासू म्हणजे बाईजा. मी अर्धा रंगून झालो होतो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"गो वर्षा, कापड पसरलंस, फळं मांडलीस, पानी पन ठेवलंस. देव कुठं हाय?"

"देव नाय त्यात, आई."

"मग खानार कोन?"

"कोन नाय. नुसतं बघायचं."

बाईजाला ते काही पटलं नाही. देवाशिवाय मांडलेला नैवेद्य तिने आयुष्यात पाहिला नव्हता. त्या दिवसापासून माझ्यासमोरून जाताना ती पदर नीट करायची. देव अजून यायचा असेल तर आपण गबाळं दिसू नये, एवढाच तिचा हिशेब. इतका मान मला नंतर कोणीच दिला नाही.

मूळ चित्रात टेबल जरासं कललेलं आहे. सफरचंदं आता घरंगळतील असं वाटत राहतं आणि तीच त्या चित्राची गंमत. वर्षाने तसली कितीतरी टेबलं मुकाट्याने कललेली काढली होती. माझ्या वेळी मात्र तिला राहवलं नाही. "फळं पडतील असं कोन ठेवतं?" असं पुटपुटत तिने टेबल सरळ करून टाकलं.

अमोलने कागद शेजारी धरून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "गिऱ्हाईक फोटोशी जुळवून बघतं, वर्षाताई. हे नाय चालायचं. तुझ्याकडंच ठेव, नायतर चुलीत घाल."

चुलीत गेलो नाही, भाताच्या ड्रमामागे गेलो, तोंड भिंतीकडे करून. पावसाळा बराच सरला तेव्हा वर्षाने मला बाहेर काढलं. वाटलं, आता टेबल दुरुस्त करणार. तिने समोर फळीवर सूप ठेवलं, परसातल्या काकड्या आणि भेंड्या त्यात टाकल्या आणि उरलेला रंग थेट माझ्या पाण्याच्या भांड्यावर फासला.

मी फार चिडलो, खोटं कशाला सांगू? घरात दुसरा कॅनव्हास नव्हता हे मला समजत होतं. पण म्हणून जित्याजागत्या चित्रावर काकड्या? एकेक सफरचंद बुजत गेलं. मग सगळा काळोख झाला आणि बाईजाचा आवाज आला.

"फळी वाकडी काढलीस गो. काकड्या घरंगळतील."

"घरंगळू दे," वर्षा म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. माझं टेबल सरळ करणारी हीच ती बाई!

वरचा रंग ओला होता तोवरच अमोल घाईघाईने आला. मुरबाडकडच्या एका रिसॉर्टमध्ये छत गळून खोलीतलं चित्र खराब झालं होतं आणि त्या जागी आजच्या आज दुसरं हवं होतं.

"ते सरळ टेबलवालं दे. आता चालंल," असं म्हणाला आणि थबकला. "हे काय करून ठेवलंस?"

"माझं हाय ते."

"टर्पेंटाइनच्या फडक्यानं पूस. खालचं पक्कं वाळलंय, हाय तसं निघंल. बाजारात जाऊन येतो. नाय जमलं तर पुढचं काम मी दुसरीला देईन."

मला तर आनंदाने फुटायला झालं. आता गुळगुळीत भिंत मिळणार, पंख्याखाली बसून पाहुणे मला बघणार! टर्पेंटाइनचा वास आला, फडकं फिरलं आणि माझ्या पांढऱ्या कापडाच्या कोपऱ्याला उजेड लागला.

त्या कोपऱ्यातून मला वर्षाचा चेहरा दिसला. माझी सफरचंदं रंगवताना ती सासूशी बोलत असायची, आणि आता तिला श्वास घ्यायचीही आठवण नव्हती. फडकं एका काकडीच्या टोकापाशी येऊन थांबलं होतं.

"पूस बाय," बाईजा मागून म्हणाली. "काम गेलं तर काय करशील?"

"आई, सफरचंदं मी झोपेत पन काढीन. ही परत अशी नाय यायची."

आणि तिने फडकं खाली ठेवलं.

माझ्याकडे तिने असं कधीच बघितलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला. तरी त्या क्षणी आवाज असता, तर मी तिला एवढंच म्हटलं असतं: झाक मला.

अमोल आला, छापील कागद परत घेऊन चडफडत गेला. तो गेल्यावर तिने कोपरा रंगवून टाकला.

आता वर्षा भाताच्या कापणीला दुसऱ्यांच्या शेतावर जाते. अमोल पुन्हा आला नाही. वरचं चित्र कोणी विकत मागितलेलं नाही. संध्याकाळी ती अंगणात पाय धुते, ओटीवर येते आणि माझ्यासमोर थोडा वेळ उभी राहते. माझ्यासमोर म्हणजे त्याच्यासमोर. काळोखाची सवय होते म्हणतात, मला अजून झालेली नाही.

तुम्ही कधी आलात तर काकड्या नीट बघा, घाई करू नका. खाली काय आहे म्हणून नखाने कोपरा मात्र खरवडू नका. मी आहे तिथे असू दे.