दोन आणि चारच्या मध्ये

थामने कळ दाबली. पडद्यावर एकच शब्द उमटला : आई. बाकीचं अख्खं कुटुंब गायब.

तिने पुन्हा दाबली. पुन्हा आई, एकटीच.

भिंतीवरच्या घड्याळानुसार परीक्षेची चौदा मिनिटं उरली होती. आज पास झाली नाही, तर सोमवारपासून परत मासळीच्या कारखान्यातलं ते बर्फगार दालन आणि हातात सुरी. पास झाली, तर वजनकाट्याजवळची खुर्ची आणि संगणक. वीस वर्षं गारठ्यात मासे कापून बोटांची पार वाट लागली होती; एक कळ दाबायला जावं तर दोन दाबल्या जात. टेबलाखाली तिचा पाय थांबायला तयार नव्हता.

प्रश्न तसा साधा होता. घरच्यांची यादी करायची. त्या यादीत प्रत्येकाची एक छोटी यादी, नाव आणि वय. मग प्रोग्रॅमने एकेका छोट्या यादीत शिरून अक्षरं तेवढी वेचायची, आकडे सोडून द्यायचे. चौथ्या भावाचं वय लिहिताना तिला बोटं मोजावी लागली होती, भिंतीला भिंत लागून राहतो तरी.

"अगं पाचवे, पाय आवर," शेजारची आठवीमावशी कुजबुजली. "माझं टेबल होडीसारखं डुलतंय."

थामने हात वर केला. तोआन मास्तर आले. मास्तर म्हणायचं, पण वय सव्वीस. हनोईहून इकडे दक्षिणेत कान-थोला येऊन वर्षही झालं नव्हतं. पडद्याकडे बघून ते हसले.

"पाचवीताई, हे काय? नावाच्या जागी दोन, चार, पाच?"

"मग? थोरली दुसरी, भाऊ चौथा, मी पाचवी. आम्ही हाकाही आकड्यांनीच मारतो, चिठ्ठीतसुद्धा असंच लिहितो."

"माणसाला कळतं हो ते. याला कुठलं कळायला? आकडा दिसला की टाकला बाजूला. अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे तो नाव समजेल."

तिने घातलं.

"आणि क्रम चुकलाय. इकडे थोरल्याला दुसरा म्हणतात, एवढं शिकलोय मी. पण दोननंतर एकदम चार? चारचा तीन करा, मग तुम्ही चौथ्या. यादीच चुकली तर पास कसं करू?"

आठवीमावशीची बोटं कळांवर थबकली. मधला आकडा गळालेला दिसला की इथे कुणी विचारत नाही.

थामने भावाला तीन केलं. स्वतःला चार. मग त्या चारकडे बघत राहिली. चव्वेचाळीस वर्षं ती पाचवी होती. एका खुर्चीसाठी आपण हे करतोय, याची तिला भयंकर चीड आली. तिने सगळं पहिल्यासारखं केलं आणि दोन व चारच्या मध्ये एक नवी छोटी यादी उघडली : "३", ५०.

कळ दाबली. आई, दोन, तीन, चार, पाच. सगळी एका ओळीत.

"झालं की!" मास्तरांनी हातातल्या कागदावर तिच्या नावापुढे खूण केली. "वय अंदाजे लिहिलं असेल तरी चालेल."

"अंदाजे नाही. बरोब्बर आहे."

"मग मघाशी तीनलाच कशा विसरलात?"

थामने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"विसरले नव्हते. मी जन्मले तेव्हा घरात तांदळाचा दाणा नव्हता. तिसरीला एका होडीवाल्या जोडप्याला देऊन टाकलं. सहा वर्षांची होती. पुढे काही पत्ता नाही. माझ्या वयात सहा मिळवायचे, मास्तर. मी दरवर्षी मिळवते."

टेबलाखाली तिचा पाय पुन्हा हलू लागला. या वेळी आठवीमावशीने डुलणारं टेबल दोन्ही हातांनी धरून ठेवलं.