फाटकावरची नणंद

बंदरावर नवा नियम लागला आणि आठवड्याभरात गावातल्या सुताराला अकरा मावश्या झाल्या. त्यातल्या एकीलाही त्याची भाषा येत नव्हती.

नियम साधा होता. मोठं जहाज धक्क्याला लागलं की दिवसाला तीनशेच माणसं गावात सोडायची, तीही जहाजावर सोडत काढून. बाकीच्यांनी डेकवर उभं राहून गाव बघायचं. त्याआधी दोन-दोन हजार उतरायची. गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची, दुपारनंतर नळाला थेंब नसायचा, आणि लोकांच्या खिडकीत तोंडं घालून जेवत्या माणसांचे फोटो काढायची. त्यामुळे नियम झाला तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली.

पण जहाजावरचे लोक काही दुधखुळे नव्हते. कुणी आदल्या बंदरात उतरून बसने यायला लागलं, कुणी मासेमाराची होडी ठरवून मागच्या खडकांवर उतरायला लागलं. तेही बंद केलं, तेव्हा कुणाला तरी नियमातली एक ओळ सापडली. गावकऱ्याचा नातेवाईक सोडतीत धरायचा नाही. घरच्या माणसाने फाटकावर यायचं, माणूस ओळखायचा, ‘हा आमचा’ म्हणून सही करायची. बस्स. मग काय विचारता! ज्यांना उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं, त्यांना चुलत, मावस, आते, जे मागाल ते मिळालं.

यातला मोठा व्यापारी म्हणजे फोटोवाला. पंधरा वर्षांपूर्वी गावात आला, दुकान टाकलं, आणि सगळ्यांच्या घरी लग्नाचे-बारशाचे फोटो काढताना सगळ्यांच्या घरच्या गोष्टीही काढून घेतल्या. कुणाचा आजोबा कुठल्या पायाने लंगडायचा, कुणाची आत्या कधी वारली, सगळं त्याला पाठ. तेच तो जहाजवाल्यांना पढवायचा. एवढं करूनही न्हाव्याचे तीन चुलतभाऊ फाटकावर उताणे पडले. न्हाव्याचं नाव काय, एवढं साधंही त्यांना सांगता आलं नाही. खोटी ओळख दिली म्हणून न्हाव्याच्या दुकानाला हंगामभर सील लागलं. अजून आहे. लोक दाढ्या घरीच करतात आणि तोंडावर काप घेऊन फिरतात.

कडकबाईच्या धुलाईच्या दुकानाचं मात्र या धंद्यात कुणी नाव घेत नव्हतं. तिचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते. कपड्याला खळ कडक, इस्त्री कडक आणि जीभ त्याहून कडक, म्हणून कडकबाई. खाली काउंटर आणि इस्त्रीची टेबलं, मागे पाणी तापवायची भट्टी, आणि वर सबंध मजलाभर दोऱ्याच दोऱ्या. गावातल्या प्रत्येक लॉजची चादर त्या मजल्यावर वाळायची. बाहेर वाळत घालायची सोय नव्हती. खारा वारा चादरीला असा चिकटायचा की अंगावर घेतली तर गाऱ्हाणं आलंच.

त्या दिवशी सकाळी फाटकावरचा शिपाई आला तेव्हा ती एका उशीच्या अभ्र्यावर इस्त्री फिरवत होती.

“बाई, फाटकावर चला. जहाजातून तुमची नणंद आलीय.”

“माझी नणंद?” कडकबाईने इस्त्री उभी केली. “तिला म्हणावं, एवढ्या उन्हात आलीस, वरून माझी सासूही घेऊन यायचीस की!”

शिपाई हसला. कडकबाई मात्र हसली नाही.

कारण नणंद होती. अडतीस वर्षांपूर्वी जहाजावरच्या एका खलाशाबरोबर गेली ती गेली. घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं आणि ते कुणी काढलंही नाही. पण सासरा मरायच्या आधी एक कागद करून गेला होता. वरचा मजला लेकीचा, ती येईल तेव्हा. हा कागद नवऱ्याने कपाटात ठेवला, आणि सहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर कडकबाईने तो टेबलक्लॉथच्या घडीत घातला. ती शाळेत दोनच इयत्ता गेलेली, पण त्या दोन ओळी तिला घडी न उघडता वाचता यायच्या. मुलाला सांगितलं नव्हतं, सुनेला तर नाहीच.

आता बाई खोटी निघाली आणि आपण हो म्हटलं, तर दुकानाला सील. खरी निघाली, तर वरचा मजला गेला, आणि मजला गेला की दुकानात राहिलं काय, ओल्या चादरी! दोन्हींतल्या कशाचं भय जास्त, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही. खोटीच असणार, असं ठरवून तिने पायात चपला सरकवल्या.

“मीही येते, आई,” सूनबाई हात पुसत म्हणाली.

कडकबाईने तिच्याकडे तिरप्या नजरेने पाहिलं. हिला एवढी घाई का? परवाच ही फोटोवाल्याच्या दारात उभी राहून हळू आवाजात बोलत होती. सासूला पाहिलं तशी गप्प झाली होती.

“तुला काय माहिती गं तुझ्या आत्येसासूबद्दल?” वाटेत कडकबाईने विचारलं.

“होती एवढंच. ह्यांनी सांगितलं.”

“आणि तू कुणाकुणाला सांगितलंस?”

“मी कशाला कुणाला सांगू?”

“फोटोवाल्याशी काय हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या?”

सूनबाई थांबली. “त्याच्याकडे पडद्यांचं बिल थकलंय आपलं. तेच मागत होते. हळू बोलले, कारण त्याची बायको आजारी आहे.”

उत्तर अगदी चोख होतं. इतक्या चोख उत्तराचाच कडकबाईला संशय यायचा.

फाटकाजवळच्या खोलीत एक लांब टेबल होतं. त्याच्या अलीकडे गाव आणि पलीकडे जहाज. टेबलामागे कारकून बसायचा, त्याला सगळे शिक्केवाला म्हणायचे. पलीकडच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. केस पुरुषासारखे कापलेले, गुडघ्यावर काठी, डोळ्यांवर काळा चष्मा.

“वहिनी,” ती म्हणाली, “जाडी झालीस.”

“हे तर आंधळ्यालाही सांगता येईल,” कडकबाई म्हणाली. “चष्मा काढा.”

म्हातारीने चष्मा काढला. डोळे होते दोन, सुरकुत्यांत बुडालेले. नाक घरातलं असेल, नसेलही. अडतीस वर्षांत नाकाचं काय होतं ते देवालाच ठाऊक. कडकबाईच्या आठवणीत एक बावीस वर्षांची, कमरेपर्यंत वेणी असलेली पोरगी होती. ही बाई त्या पोरीची आजी शोभली असती.

“विचारा काय ते,” शिक्केवाला म्हणाला. “तुम्ही ओळखलंत तर मी फॉर्म भरतो. नाही म्हणालात तर परत जहाजावर. न्हाव्याचं माहितीये ना?”

“मला नको शिकवूस. तुझ्या पहिल्या नोकरीचा शर्ट मी इस्त्री केलाय.” कडकबाई खुर्ची ओढून बसली. “बाई, माझे सासरे कसे होते?”

“उंच. डाव्या कानाने कमी ऐकायचे.”

हे फोटोवाल्याला माहीत होतं. गावाला माहीत होतं.

“माझी सासू?”

“दम्याने गेली ना? मी गेल्यावर तीन वर्षांनी.”

“तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी, ते तुम्हाला कसं कळलं?”

“कळलं,” म्हातारी म्हणाली आणि काठीची मूठ चोळायला लागली.

पाहा! पढवलेली आहे. कडकबाईला हायसं वाटलं. आता एकच धक्का, की ही आपटली. भिंतीवर, दारावर, माणसांवर विचारून उपयोग नव्हता. ते सगळं बाहेरून दिसतं. तिने असं काही शोधलं जे काउंटरच्या पलीकडे जाणाऱ्यालाच दिसेल.

“आमच्या भट्टीचं तोंड कुणीकडे?”

“समुद्राकडे,” म्हातारी लगेच म्हणाली.

सूनबाईने श्वास सोडला. “चूक! भट्टीचं तोंड जिन्याकडे आहे. रोज लाकडं मी घालते.”

शिक्केवाल्याने पेन उचललं. “चूक ना, बाई?”

कडकबाईने खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढली.

भट्टीचं तोंड जिन्याकडे होतं खरं. पण ते तिनेच फिरवलं होतं. नणंद गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी. समुद्राकडच्या वाऱ्याने धूर उलटा आत यायचा आणि धुतलेल्या चादरींवर काजळी बसायची, म्हणून सासऱ्याशी भांडून, महिनाभर अबोला धरून तिने भट्टी पाडली आणि नवी बांधून घेतली. तेव्हा फोटोवाल्याने हे गाव पाहिलंही नव्हतं. सूनबाई तर पुढे वीस वर्षांनी आली, तिला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. सासरा गेला, सासू गेली, नवरा गेला, भट्टी बांधणारा गवंडीही गेला. समुद्राकडे तोंड असलेली ती भट्टी पाहिलेली दोनच माणसं आता उरली होती, आणि ती दोन्ही या टेबलाच्या दोन बाजूंना बसली होती.

पढवलेली बाई जिन्याकडे म्हणाली असती.

“बाई?” शिक्केवाल्याने पुन्हा विचारलं. “तुम्ही चूक म्हणालात की चूक. तुमच्या शब्दावर मी डोळे मिटून लिहितो. गावात खरं बोलणारं तेवढं एक तोंड आहे.”

काही करायचंच नव्हतं. नुसती मान हलवायची. सुनेने तर आधीच बोलून टाकलं होतं. म्हातारी जहाजात चढली असती, जहाज संध्याकाळी सुटलं असतं, आणि वरच्या मजल्यावर चादरी वाळत राहिल्या असत्या.

“आलात कशाला?” कडकबाईने विचारलं. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “अडतीस वर्षं नाही आणि आज? मजला पाहिजे?”

“कसला मजला, आई?” सूनबाई म्हणाली.

“तू गप्प बस.”

म्हातारीने काठी बाजूला ठेवली. “मजल्याचं मला माहितीये. दादाने कळवलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी पत्र यायचं त्याचं, बंदराच्या पत्त्यावर.”

म्हणजे नवरा! शेजारी झोपायचा, घोरायचा आणि पत्रं लिहायचा! कडकबाईची कानशिलं तापली. जिवंत असता तर आज त्याची धडगत नव्हती.

“मी पहिल्यांदाच आले असं नाही,” म्हातारी सांगत होती. “दादा गेल्याचं कळलं तेव्हापासून दरवर्षी याच जहाजाचं तिकीट काढते. बाकीच्या दोन हजारांत उतरायचं, गल्लीतून चालायचं, समोरच्या पायरीवर बसून घर बघायचं, परत जायचं. कुणी विचारत नव्हतं. एकदा तर तुझ्याकडून ब्लाऊज इस्त्री करून घेतला. तू तोंड वर करून पाहिलंसुद्धा नाहीस. आणि कॉलर जाळलीस.”

“मी कॉलर जाळत नाही.”

“डावी बाजू. अजून आहे माझ्याकडे.”

“ते तुमच्या कापडाचं. स्वस्तातलं असणार.”

“मग हा नियम आला. या हंगामात तीन वेळा आले, तीनही वेळा सोडतीत नाव नाही. डेकवरून आपलं घर दिसत नाही, मध्ये तो नवा लॉज येतो. गेल्या खेपेला एकाने सांगितलं, एक फोटोवाला आहे, तो नातं जमवून देतो.” म्हातारी पहिल्यांदाच हसली. “मी म्हटलं, मला जमवून कशाला पाहिजे?”

कडकबाईने तिच्याकडे रोखून पाहिलं. मजला नको, असं ती अजूनही म्हणाली नव्हती. माहितीये म्हणाली, नको म्हणाली नाही. म्हणजे मनात आहे. किंवा मनात नाही आणि म्हणून बोलायची गरज वाटली नाही. कसं कळणार? नणंद लहानपणापासून अशीच. अर्धं बोलायचं आणि समोरच्याला झुरत ठेवायचं. बावीस वर्षांची असतानाही हेच.

आणि तिथेच कडकबाई अडकली. वाटेल ते झालं असतं, पण ही बाई डेकवर उभी राहून, कॉलर जळका ब्लाऊज घालून, ‘वहिनीने ओळखलं आणि नाही म्हणाली’ असं जन्मभर मनात म्हणणार, हे तिला सोसणारं नव्हतं. चोर ठरायचं, तेही हिच्यापुढे!

“चूक माझी सून म्हणाली,” ती शिक्केवाल्याला म्हणाली. “मी नाही म्हणाले. भट्टी तेव्हा समुद्राकडेच होती. लिही.”

“काय लिहू?”

“नणंद.”

शिक्केवाल्याने लिहिलं. मग पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. “घरात कुठे उतरणार? खोली लिहावी लागते. बरेच जण नातेवाईक म्हणून आणतात आणि लॉजवर ठेवतात.”

कडकबाईने सुनेकडे पाहिलं नाही. “वरचा मजला. तिचाच आहे.”

“आई!” सूनबाईचा आवाज चिरकला. “वाळवणाचा मजला? तिचा म्हणजे?”

“सासऱ्यांचा कागद आहे. टेबलक्लॉथमध्ये. घरी गेल्यावर वाच, मोठ्याने वाच, तुझ्या नवऱ्यालाही ऐकव.” तिने पेन ओढून घेऊन सही केली. “या, वन्सं. संध्याकाळी जहाज आहे ना तुमचं?”

“चुकवलं तरी चालतं,” म्हातारी म्हणाली.

ऐकलंत! कडकबाईने पेन आपटलं. पण शिक्का उमटला होता.

टेबलाची फळी वर झाली आणि म्हातारी गावात आली. सही झाली, पाऊल पडलं, तरी ती जागची हलेना. तिने कडकबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“इतक्या सहज?” ती म्हणाली. “वहिनी, तुझ्या मनात काय आहे ते आधी सांग.”

“माझ्या मनात? माझ्या? अहो, मी आत्ता चार माणसांसमोर मजला देऊन बसले!”

“म्हणूनच विचारते.”

सूनबाई डोळे पुसत पुढे निघून गेली. मागे या दोघी राहिल्या. “चला, व्हा पुढे,” कडकबाई म्हणाली. “तूच हो पुढे,” वन्सं म्हणाल्या. कोणीच पुढे होईना, कारण दोघींनाही दुसरीला आपल्या पाठीमागे नको होतं. शेवटी त्या बरोबरीनेच निघाल्या, गल्ली अरुंद असूनही, खांद्याला खांदा घासत, एकमेकींवर डोळा ठेवून. सोडतीत नाव लागलेली तीनशे माणसं घरांचे फोटो काढत त्यांच्या मागे तुंबून राहिली, पण बाजूला व्हायला दोघींपैकी एकही तयार नव्हती.