पत्ता आवश्यक आहे

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात नवं सॉफ्टवेअर बसवलं आणि आठवड्याच्या आत त्याला नाव पडलं, मास्तर. जरा काही राहिलं की लाल अक्षरं, जरा काही चुकलं की लाल अक्षरं, आणि शाबासकी म्हणाल तर जन्मात नाही. ज्या कोणी तो बनवला त्याने घाबरलेल्या माणसाचा फोन कधी घेतलाच नसावा. घाबरलेला माणूस आधी रडतो, मग ओरडतो, मग नको तिथून गोष्ट सांगायला लागतो. मास्तरला मात्र सगळ्यात आधी घर क्रमांक हवा. तो नसेल तर 'पुढे' हे बटण करडंच राहणार. बोट आपटा नाहीतर डोकं आपटा, ढिम्म हलायचं नाही. खाली आपली लाल अक्षरं: पत्ता आवश्यक आहे.

यावर तोडगा काढला तो ताईने. खिडकीजवळच्या टेबलावर बसणारी ताई ही कक्षातली सगळ्यात जुनी बाई. तिच्या हाताखाली शिकलेले लोक साहेब झाले, तरी तिला ताईच म्हणत. मास्तर बसवायला आलेल्या लोकांनी चाचणीसाठी खुद्द नियंत्रण कक्षाचाच पत्ता यादीत घालून ठेवला होता, आणि जाताना काढायचा विसरले होते. पत्त्याच्या चौकटीत एक अक्षर टाइप केलं की तो सगळ्यात वर यायचा. ताईने एकदा वैतागून तोच निवडला. लाल अक्षरं गेली, बटण निळं झालं, गाडी सुटली. खरा ठावठिकाणा तिने खालच्या 'अधिक माहिती'त लिहिला: देवळासमोरची गल्ली, पडका पूल, जे काय असेल ते. चालकांना सांगून ठेवलं की आपल्याच ऑफिसचा पत्ता दिसला तर तो सोडा, खालचं वाचा. बघता बघता सगळा कक्ष तेच करू लागला. कक्षाच्या साहेबांनाही माहीत होतं, पण गाड्या वेळेत पोहोचत होत्या आणि वरचे लोक खूश होते, तेव्हा त्यांनी काणाडोळा केला. महिनोन्‌महिने काही बिघडलं नाही.

त्या दिवशी सकाळी मास्तरने नवीन कपडे घातले होते. पडद्याचा रंग बदललेला, बटणं गोल झालेली, आणि वर एक संदेश: तुमचा अनुभव अधिक सुखकर केला आहे.

"माझा अनुभव म्हणतो," शेजारच्या टेबलावरचा वकील म्हणाला. तो काही खरा वकील नव्हता, प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा म्हणून वकील. "सुखकर करायचा तर खुर्ची बदला म्हणावं."

सकाळभर आलेल्या फोनवरच्या लोकांना आपापले पत्ते धड सांगता आले, त्यामुळे त्या नव्या कपड्यांच्या आत काय दडलंय ते कुणाला कळलं नाही.

दुपारी ताईच्या हेडफोनात एका मुलीचा आवाज आला. आवाज कसला, नुसता श्वास.

"सासरे पडलेत. बोलत नाहीयेत. लवकर या हो."

"कुठे आहेस तू? पत्ता सांग."

"मला नाही माहीत. मी नवीन आहे इथे. लग्न होऊन आले, महिनाही झाला नाही."

"घरात दुसरं कोण आहे?"

"कोणी नाही. हे कामावर आहेत, फोन उचलत नाहीत. मेसेज टाकलाय. शेजारी कुलूप आहे."

"बरं, घाबरू नकोस. घराजवळ काय आहे सांग."

"पाण्याची टाकी. मोठी. तिच्या मागच्या गल्लीत, शेवटचं घर. हिरवं दार."

ताईला टाकी माहीत होती. तिने सवयीने एक अक्षर दाबलं, कक्षाचा पत्ता निवडला, खालच्या चौकटीत 'टाकीमागची गल्ली, शेवटचं घर, हिरवं दार' असं लिहिलं आणि निळं बटण दाबलं. त्या घडीला एकच गाडी मोकळी होती, सुसाटची. सुसाट चालवण्यात पटाईत होता म्हणून त्याचं नाव ते. त्याची गाडी निघाल्याचं पडद्यावर आलं आणि ताईचा जीव भांड्यात पडला.

"गाडी निघाली बघ. आता मी सांगते तसं कर. श्वास चालू आहे का त्यांचा?"

"घुरघुर येतेय मधूनच. आता तीही नाही. ताई, नाहीये श्वास!" कक्षात कोणीतरी मागून हाक मारली होती तेवढ्यावरून तिने 'ताई' उचललं होतं.

"फोन स्पीकरवर टाक आणि खाली ठेव. त्यांना पाठीवर सपाट झोपव. छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक. जोरात दाब आणि सोड. मोठ्याने मोज, मला ऐकू येऊ दे."

मुलगी मोजू लागली. तिचा आवाज लटपटत होता, पण लय धरली होती. ताई तिच्याबरोबर मोजत होती आणि एका डोळ्याने नकाशा शोधत होती. नकाशावर मास्तरने एक चौकट आणून ठेवली होती: नवीन काय आहे ते पाहा. तिने ती बंद केली. दुसरी आली: इथे दाबून नकाशाचा रंग बदला. तिने तीही बंद केली. तिसरीत बंद करायची फुलीच नव्हती, नुसतं 'पुढे' होतं, आणि 'पुढे'च्या मागे आणखी एक 'पुढे'. ताईने मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि नकाशाचा नाद सोडला. सुसाट होता गाडीवर, काळजी कसली.

"यांची बरगडी मोडेल, ताई."

"मोडू दे. बरगडी जुळते. थांबू नकोस."

"मी त्यांच्याशी अजून धड बोललेसुद्धा नाही हो." ती रडत होती आणि दाबत होती. मग एकदम ओरडली, "सायरन! आली, आली!"

"आली ना? दाबत राहा. ते आत येतील."

मोजणं चालू राहिलं. मग अडखळलं.

"ताई, सायरन गेला."

"गेला म्हणजे?"

"पुढे गेला. टाकीवरून गेला तो. ऐकूच येत नाही आता."

"दुसरी गाडी असेल ती. तू थांबू नकोस, आपली येतेय."

दुसरी गाडी नव्हतीच. सगळ्या गाड्या कामात होत्या हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने ते 'पुढे' भराभर दाबून चौकटी हाकलल्या, तर नकाशाच्या जागी हिरवी अक्षरं आली: गाडी पोहोचली. त्याखाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि प्रश्न: आजचा अनुभव कसा वाटला?

आणि सायरन ऐकू आला. जवळून, मग अगदी खिडकीखाली.

"बघ, आला सायरन," ताई म्हणाली. "आता जा, दार उघड."

"कुठे?" मुलगी म्हणाली. "इथे काहीच नाही."

ताईने हेडफोन एका कानावरून सरकवला. सायरन हेडफोनात नव्हता. तो बाहेर होता, फाटकात.

जिन्यावर बूट वाजले. दार धाडकन उघडलं आणि सुसाट आत आला, मागे स्ट्रेचर घेऊन मदतनीस. सुसाटचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने ताईकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि दाराची चौकट धरून उभा राहिला.

"ताई, तुम्ही ठीक आहात? कोण पडलं?"

"तू इथे कसा?"

"इथलाच पत्ता आला ना. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हटलं आपल्यातच कुणाला तरी झालं. टाकीपाशी चहा घेत होतो, तसाच टाकून आलो. सिग्नलसुद्धा पाळले नाहीत."

वकील उठून ताईच्या मागे आला आणि तिच्या पडद्यावर बोट ठेवून त्याने पान खाली ओढलं. तिने लिहिलेली ओळ जिथल्या तिथे होती. तिच्या खाली, पडद्याच्या कडेबाहेर, एक नवीन गोल बटण होतं: माहिती जतन करा. ते कुणी दाबलंच नव्हतं. दाबायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. मास्तरने त्याबद्दल मात्र एकही लाल अक्षर काढलं नव्हतं.

"टाकीमागची गल्ली!" ताई ओरडली. "शेवटचं घर, हिरवं दार! पळ!"

सुसाटला काय ते कळलं. आला तसा पळाला. खाली सायरन पुन्हा सुरू झाला आणि लांब जाऊ लागला, आल्या वाटेने.

"ताई?" मुलीचा आवाज. "तुम्ही आहात ना?"

"आहे. मोज."

त्यानंतर जे काय झालं ते ताईला पुढे कधी धड सांगता आलं नाही. मुलीचे हात भरून आले होते, ती आकडे विसरत होती, ताई ते तिच्या तोंडात देत होती. मध्ये एकदा मुलगी म्हणाली, "गार लागताहेत." ताई म्हणाली, "तरी दाब." दुसरं काय म्हणणार? साहेब त्यांच्या खोलीतून बाहेर येऊन मागे उभे राहिले. त्यांना वकिलाने दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

अखेर हेडफोनात दार वाजलं, बूट वाजले, सुसाटचा आवाज आला. "व्हा बाजूला, आम्ही बघतो." कापड फाटल्याचा आवाज, शॉकच्या मशीनचा आवाज. एकदा, दोनदा, आणखी एकदा. मग शांतता. मदतनीस हळू आवाजात काहीतरी म्हणाला. ताईला शब्द कळले नाहीत, पण इतकी वर्षं ऐकलेला तो सूर कळला. म्हातारा गेला होता.

फोन मुलीने बंद केला नव्हता. मग तो उचलल्याची खरखर झाली.

"ताई, आहात?"

"आहे गं."

"ते म्हणतात, थोडं आधी यायला हवं होतं."

ताईने हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"माझ्यामुळे झालं ना?" मुलगी म्हणाली. आता ती रडतही नव्हती. "मला पत्ता सांगता आला नाही. सगळे हेच म्हणणार. घरात राहते आणि घराचा पत्ता माहीत नाही. मीच मारलं त्यांना."

साहेब झटकन पुढे आले. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या लाल ठिपक्याकडे बोट दाखवलं. बोलणं रेकॉर्ड होत होतं. मग तेच बोट त्यांनी ओठांवर ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने 'ठेवून द्या, ठेवून द्या' अशी खूण केली. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनाही घरदार होतं, आणि ताईच्या नोकरीचीही त्यांना काळजी होती. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. घरी शिकणारी दोन मुलं होती तिची, आणि ही नोकरी सोडली तर दुसरं काही येत नव्हतं. तोंडावर बोट ठेवलं असतं तर तिला कुणी विचारणार नव्हतं. म्हातारा काही उठून साक्ष द्यायला येणार नव्हता.

"ऐक," ती हेडफोनात म्हणाली. "पत्ता तू बरोबर सांगितलास. टाकीमागची गल्ली, शेवटचं घर, हिरवं दार. त्या पत्त्यावर आंधळासुद्धा पोहोचला असता. मी चुकीचा पत्ता घातला. गाडी तुझ्या टाकीपाशीच उभी होती, आणि मी ती माझ्या दारात बोलावली. कळलं? तुझा काहीएक दोष नाही."

साहेबांनी डोळे मिटले. वकिलाच्या टेबलावर फोन वाजत होता आणि तोसुद्धा तो उचलायला विसरला होता.

ताईला वाटलं, आता ही शिव्या देईल. द्याव्यात, तिने मनाची तयारी केली. नाहीतर फोन ठेवून देईल.

"ताई," मुलगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "यांचा आत्ता मेसेज आला. निघालेत. पोहोचतीलच."

"बरं."

"हे तुम्ही त्यांना सांगाल? मी सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. मी नवीन आहे ना इथे."

पडद्यावर मास्तर लाल अक्षरांत सांगत होता की हे काम बंद केल्याशिवाय पुढचा फोन घेता येणार नाही. ताईने पडद्याकडे पाठ फिरवली.

"सांगते," ती म्हणाली. "येऊ दे त्यांना. तू फोन ठेवू नकोस."