अर्धं कोर्ट आणि एक झोळी

माझ्या अटी चार होत्या. मधूच्या लसीकरणाच्या कार्डामागं, ती दूध पिताना एका हातानं लिहिलेल्या, म्हणून अक्षर घसरत खाली गेलेलं. चार बॉल. दोन्ही रिंगांना जाळ्या. यवतमाळहून येण्याजाण्याचा एसटीचा पास. आणि रोज चार ते सहा रिकामं कोर्ट.

पाचवी अट लिहिली नव्हती. ती सात महिन्यांची होती आणि माझ्या खांद्यावर लाळ गाळत होती.

राळेगावच्या पुढं एका गावातल्या कॉलेजनं मुलींची बास्केटबॉलची टीम काढायची ठरवली होती, त्यांना कोच हवा होता. मी विद्यापीठाकडून तीन वर्षं खेळलेली. या कॉलेजाच्या आधी यवतमाळच्या एका शाळेनं मला परत पाठवलं होतं. "बाळ मोठं झालं की या," फार गोड बोलून. सासूबाईंची कंबर धरलेली, नवऱ्याचं, सलीलचं, ऑफिस सुटायला सहा वाजायचे. मधू माझ्याशिवाय राहत नव्हती, आणि मला बॉलशिवाय राहून दीड वर्ष झालं होतं. म्हणून या वेळी ठरवलं, आधी करारावर सही होऊ द्यायची, मग बाळ दाखवायचं.

मधूला घेऊन कॉलेजच्या फाटकातून आत शिरले आणि थबकले. कोर्ट पांढरंशुभ्र होतं. या रिंगेपासून त्या रिंगेपर्यंत कापूस वाळत घातलेला, आणि मधोमध एक बाई वाकून तो उलथत होती.

"मावशी, अर्धा तास हिला सांभाळाल? मी ऑफिसात जाऊन येते."

"दे व माय, दे. नाव काय हिचं?"

"मधुवंती."

"एवढूशा जिवाले एवढं मोठं नाव!" म्हणत त्यांनी तिला कडेवर घेतलंसुद्धा.

आत संस्थेचे अध्यक्ष भगवानराव बसले होते, खांद्यावर दुपट्टा टाकून. शेजारी क्लार्क वामनबाबू, समोर कोरा कागद.

"चार बॉल कायले?" मी पहिल्या तीन अटी वाचल्यावर भगवानरावांनी सुरुवात केली. "खेळाले तं एकच लागते."

"बारा मुली आहेत सर. एका बॉलमागं अकरा जणी नुसत्या उभ्या राहतील."

"दोन."

"चार."

"तीन. अन् चौथा, पोट्ट्या जिंकून आल्यावर."

"लिहा," मी वामनबाबूंना म्हटलं. भगवानराव खूश झाले. घासाघीस करणारं माणूस त्यांना आवडत असावं.

"जाळ्या इकत कायले आनाच्या? आपला गडी उकंडा बैलाच्या तोंडाच्या मुसक्या इनते, थोच इनून देईन. पास मंजूर. अजून?"

"चार ते सहा रिकामं कोर्ट."

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "थे नाही होत मॅडम. गावात सिमिटाची एवढी जागा एकच. यंदा आधीच भाव पडेल आहे, त्यात खरेदी केंद्रावर माल ओला दिसला का गाडी वापस. आठ घरचा कापूस आहे तिथं. संक्रांतीपर्यंत कोर्ट नाही भेटत."

"टूर्नामेंट जानेवारीच्या शेवटी आहे."

"तं मंग?"

वामनबाबूंचा पेन कागदावर अधांतरी राहिला. तेवढ्यात बाहेरून रडणं आलं. मी ते ओळखलं, माझ्या आधी माझ्या दुधानं ओळखलं. पदर छातीवर ओढून घेतला. रडणं थांबलं आणि मागोमाग खदखदून हसणं आलं.

"लेकरू कोनाचं होय हे?"

मी हातातल्या कार्डाकडं पाहिलं. "माझं."

आम्ही तिघं बाहेर आलो. मधू कापसात बसली होती, दोन्ही मुठी भरलेल्या, केसांत पांढरे पुंजके. मावशी टाळ्या वाजवत होत्या. आणि मधूच्या खालून कापसावर ओल पसरत होती.

"अरे बापा!" भगवानराव ओरडले. "ओला केला ना माल!"

"सर, मी धुऊन—"

"कापूस धुते का कोनी?"

वामनबाबूंनी कागदाची घडी घालायला घेतली.

"काहून ओरडून राह्यले?" मावशी म्हणाल्या. "तुमच्या पोरायनं माह्या गोधड्याच्या गोधड्या ओल्या केल्या, तवा तं हसत होते तुमी." त्यांनी ओंजळभर कापूस उचलून कुंपणाबाहेर टाकला. "हे पाहा, गेली ओल."

मावशी म्हणजे शकुबाई, भगवानरावांच्या पत्नी, हे मला असं कळलं.

भगवानरावांचा आवाज उतरला. "लेकरू रोज येईन?"

"रोज. हिला सोडून मला येता येत नाही सर. हीच माझी पाचवी अट."

"मंग आधी काहून नाही सांगतलं?"

"एका ठिकाणी आधी सांगून पाहिलं. करार झाला नाही."

ते कोर्टाकडं बघत राहिले. मीही बघितलं. प्रत्येक टोकाला एक रिंग. एका वेळी बारा मुलींना किती रिंगा लागतात?

"अर्धं द्या," मी म्हटलं. "चार वाजले की कापूस गोळा करून त्या अर्ध्यात. आम्ही या अर्ध्यात. तुम्ही माझं बाळ घ्या, मी तुमचा कापूस घेते."

"अन् बॉल कापसात गेला तं?"

"जिच्या हातून जाईल तिनं दहा मिनिटं कापसातला काडीकचरा वेचायचा."

"कबूल करा व," शकुबाई म्हणाल्या. "फुकटात मजूर भेटून राह्यले."

"पन अर्ध्यात शिकलेल्या पोट्ट्या पुऱ्या कोर्टात काय करतीन?"

"मोकाट सुटतील सर. जागाच जागा!"

भगवानराव हसले, आणि वामनबाबूंनी कागदाची घडी उलगडली. संक्रांतीपर्यंत अर्धं, नंतर पूर्ण. मग कलम पाच, जसंच्या तसं: 'कोच यांचेसोबत त्यांचे अपत्य राहील. झोळी संस्था पुरवील. अपत्यास कापसावर ठेवू नये.' शेवटचं वाक्य भगवानरावांनी दोनदा वाचून घेतलं. मी सही केली, मधूनं लाळेचा शिक्का मारला.

पहिल्या दिवशी शकुबाईंच्या जुन्या लुगड्याची झोळी रिंगेचा खांब आणि कडुलिंब यांच्यामध्ये बांधली गेली. मुलींना दाखवायला मी पहिला बॉल टाकला. दीड वर्षानंतर. सरळ आत गेला, आणि तिथंच राहिला. उकंडानं जाळी मुसक्यासारखी खालून बंद विणली होती.

"मुसक्याले भोक कोन पाडते?" तो चकित होऊन म्हणाला. मुली पोट धरून हसल्या. मग शिडी आणून, विळ्यानं भोक पाडून आम्ही खेळ सुरू केला.

पाचच्या सुमारास भगवानराव कापसाची ओल बघायला आले. ढिगात हात घालून बघितला, समाधान झालं, निघाले. तेवढ्यात झोळी थांबली आणि मधू कुरकुरली. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, हळूच दोरी धरली आणि झोका दिला.

"सर," मी कोर्टावरून ओरडले, "हे करारात नाही!"

"तिकडं पाहा मॅडम," त्यांनी दोरी न सोडता मानेनं दाखवलं. "बॉल कापसात चालला."

बॉल माझ्याच हातून सुटला होता. बाराही मुली टाळ्या वाजवत मला ढिगाकडं घेऊन गेल्या. दहा मिनिटं मी काडीकचरा वेचला, आणि दहाही मिनिटं झोळी हलत होती.