वहिनी मॅनेज करतील

त्या घरात ‘मॅनेज’ हा शब्द तिघा भावांना येत होता. अर्थ एकट्या वहिनींना ठाऊक होता.

आई अंथरुणाला खिळल्याला वर्ष झालं होतं. त्यांना कुशीवर वळवणं, भरवणं, भांडं देणं हे सगळं घरात मॅनेज होत होतं. कोण करत होतं, हे सांगायची वेळ कुणावर आली नव्हती.

आता वहिनींच्या लेकीचे दिवस भरत आले होते. महिनाभर तिच्याकडे जाते म्हटल्यावर तिघे भाऊ आईच्या खोलीत जमले.

“तिची सासू मॅनेज करेल की,” थोरले, म्हणजे वहिनींचे यजमान, म्हणाले.

“सासू म्हणते, पोरीची आई मॅनेज करेल,” वहिनी म्हणाल्या. “शब्द दोन्ही घरांत आहे. माणूस एकच आहे.”

धाकट्याने मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, “वहिनी, तुमच्याइतकं जमणार आहे का कुणाला?”

मधले भाऊजी इंग्रजीचे प्राध्यापक. वहिनींचा आवाज चढलेला पाहून, त्यांना शांत करावं म्हणून त्यांनी व्युत्पत्ती काढली.

“मोठा मानाचा शब्द आहे, वहिनी. मुळात लॅटिन ‘मानुस’, म्हणजे हात. तिथून इटालियनमध्ये गेला. अर्थ, घोडा हाताळणं, त्याला तयार करणं. दुकान, घर वगैरे सगळं नंतर आलं.”

“म्हणजे हात मालकाचा.”

“अर्थात.”

“आणि घोडा कोण?”

भाऊजी चष्मा पुसू लागले. वर्गात हे कुणी विचारलं नव्हतं.

“वर्षभर मला वाटत होतं, मी मॅनेज करतेय,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही मला करत होतात होय. घोड्याला निदान कुणी म्हणत नाही, तुझ्याइतकं जमणार आहे का कुणाला.”

“अगं, आईसमोर काय हे,” थोरले म्हणाले.

“त्यांच्यासमोर रोज मीच असते. आज तुम्ही आहात.”

तेवढ्यात पलंगावरून आई म्हणाल्या, “भांडं.”

तिघांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पलंगाखालून भांडं काढलं आणि प्राध्यापकांच्या हातात दिलं.

“आई, मी निघते.”

“जा. पोरगी वाट बघत असेल.” मग आई मधल्याकडे वळल्या. “तू काय बघत उभा आहेस? लहानपणी तुला मी काय इंग्रजीत धुतलं?”

सकाळीच भरून ठेवलेली बॅग उचलून वहिनी जिना उतरू लागल्या. मागून यजमानांचा आवाज आला, “अगं, टॉवेल कुठे असतो?”

“शोधा,” वहिनी म्हणाल्या, आणि उतरत राहिल्या.